पिशवीची जाडी: गेज, मिल आणि मायक्रॉन

प्लास्टिकच्या फिल्मची जाडी सांगणारी तीन मापे जगात चालतात: गेज, मिल आणि मायक्रॉन. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल. त्या मिलचे शंभर भाग केले की एकेक भाग एक गेज. मीटरचा दहालाखावा भाग म्हणजे मायक्रॉन. इंच २५.४ मिलिमीटरचा असल्यामुळे एक मिल, म्हणजेच १०० गेज, २५.४ मायक्रॉन भरतो आणि एका मायक्रॉनला ३.९४ गेज पडतात. भारतातल्या बाजारात हा हिशेब चाराच्या पाढ्याने होतो: गेजला चाराने भागले की मायक्रॉन. कायदा मायक्रॉनमध्ये बोलतो आणि कारखाना गेजमध्ये, त्यामुळे हे भागाकार रोज होत असतात. या मापांचा इतिहास पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते. फिल्मची जाडी प्रत्यक्ष मोजण्यापेक्षा वजनावरून काढायची, हीच या धंद्याची जुनी रीत होती. जाडी मोजून सिद्ध करण्याची वेळ पहिल्यांदा कायद्याने आणली.

इंचाचे बारीक भाग करण्याची गरज फार जुनी नाही. आपल्याकडचे सुतार आणि लोहार इंचाचे आठ भाग करून त्यातल्या एकाला सूत म्हणत आले आहेत. दार, चौकट, गाडीचा आस एवढ्या कामांना सूत आणि अर्धा सूत पुरत असे. युरोपात वाफेची इंजिने आली, दट्ट्या आणि नळकांडे एकमेकांत चपखल बसवण्याची वेळ आली, तेव्हा अर्धा, पाव, आठवा, सोळावा अशी विभागणी तोकडी पडू लागली. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात इंचाचा दहालाखावा भाग दाखवणारे यंत्र मांडले आणि पुढे इंच दशमान पद्धतीने विभागावा यासाठी आग्रह धरला. त्याआधी तीन वर्षे, १८४८ मध्ये, फ्रान्समध्ये झां लोरां पामर याने हातात धरता येईल अशा सूक्ष्ममापीचे पेटंट घेतले होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे उपकरण पाहून ब्राउन अँड शार्प या अमेरिकन कंपनीने ते आपल्या देशात आणले. इंची सूक्ष्ममापीच्या स्क्रूला इंचात ४० आटे असतात आणि फिरत्या नळीवर २५ खुणा. चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे हजार, म्हणून एक खूण सरकली की इंचाचा हजारावा भाग. कारखान्यांत पत्रा आणि पट्टी ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, सांगण्याची पद्धत रुजली ती या उपकरणामुळे. अमेरिकेत त्याच मापाला मिल म्हणू लागले.

मेट्रिक बाजूला मायक्रॉनचा जन्मही त्याच काळातला. वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १८७९ मध्ये हे नाव आणि ग्रीक म्यू हे त्याचे चिन्ह मान्य केले. गंमत म्हणजे १९६७ च्या सर्वसाधारण परिषदेने ते नाव अधिकृत यादीतून काढून टाकले आणि त्या जागी मायक्रोमीटर हा शब्द ठेवला. बाजाराने आणि कायदे लिहिणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. भारताच्या प्लास्टिकविषयक नियमांत आजही मायक्रॉनच छापला जातो. इंच आणि मीटर यांचे नाते कायमचे पक्के झाले १९५९ मध्ये. त्या वर्षी इंग्रजी मापे वापरणाऱ्या सहा देशांनी इंच नेमका २५.४ मिलिमीटरचा ठरवला. तोवर अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच यांत दहा लाखांत तीन भागांचा फरक होता. फिल्मच्या जाडीत असा फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही, पण रूपांतराचा आकडा एकच झाला हे महत्त्वाचे.

‘गेज’ हा शब्द प्लास्टिकने तारेच्या आणि पत्र्याच्या धंद्यातून घेतला, मात्र त्याची दिशा उलटी केली. तारेचा गेज म्हणजे ती किती भोकांतून ओढली त्याचा अनुक्रमांक. जितक्या वेळा ओढाल तितकी तार बारीक, म्हणून मोठा आकडा म्हणजे बारीक तार. ब्रिटनने १८८४ पासून लागू केलेल्या मानक तारगेजमध्येही हाच क्रम राहिला आणि आकड्यांमधली अंतरे समान नव्हती. मुंबईच्या लोहाराकडे आजही २२ गेजचा पत्रा १८ गेजपेक्षा पातळ असतो. प्लास्टिकमध्ये मात्र २०० गेज म्हणजे १०० गेजच्या बरोबर दुप्पट जाड. एकाच गल्लीत दोन दुकानांमध्ये एकच शब्द उलट अर्थाने वापरला जातो, आणि पत्र्याचे काम सोडून प्लास्टिकच्या मशीनवर आलेल्या माणसाला पहिले काही दिवस हा घोटाळा सांभाळावा लागतो.

प्लास्टिकपूर्वीच्या पारदर्शक वेष्टनाचा हिशेब आणखी वेगळा होता. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रांडेनबर्गरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेन तयार केले. हा कागद पौंडावर विकला जाई आणि वेष्टन करणाऱ्याला हवे असे क्षेत्रफळ. म्हणून अमेरिकेत सेलोफेनच्या प्रतीला जो क्रमांक असे तो एका पौंडात किती चौरस इंच माल मिळेल ते सांगे. १९५ क्रमांकाच्या सेलोफेनचे पौंडाला १९,५०० चौरस इंच. जाडीचा उल्लेखच नाही. बिस्किटाचा पुडा बांधणाऱ्या कारखान्याला एका पौंडात किती पुडे बसतात एवढेच कळायला हवे होते, आणि ते या क्रमांकावरून थेट कळे.

पॉलिथिनची गोष्ट सुरू होते २७ मार्च १९३३ ला, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात विनिंग्टन येथे. आय.सी.आय. कंपनीचे रेजिनल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे अतिशय उच्च दाबाखाली इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांची क्रिया घडवून पाहत होते. पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. हा प्रयोग भरवशाने पुन्हा करायला १९३५ उजाडले, आणि कारखाना सुरू झाला सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर. युद्धकाळात हा सगळा माल रडारच्या तारांवरच्या आवरणाला गेला. पॉलिथिनची पातळ फिल्म बाजारात आली ती युद्धानंतर.

ती बनते कशी हे पाहिले की जाडीचा हिशेब वजनावर का बसला ते उमगते. पॉलिथिनचा दाणा वितळवून गोल फटीतून वर ढकलतात, आत हवा भरतात. उंच फुगा तयार होतो, थंड होतो, वर रोलरच्या चिमट्यात चपटा होतो आणि गुंडाळला जातो. या यंत्रावर जाडी ठरवण्याचे वेगळे बटण नसते. किती माल बाहेर पडतो, फुगा किती रुंद आहे आणि वरचे रोलर किती वेगाने ओढतात, या तिघांतून जाडी निघते. ऑपरेटर रोलरचा वेग वाढवतो, फिल्म पातळ होते. बरोबर किती झाली हे कळायला तो चपट्या नळीचा एक मीटर तुकडा कापून काट्यावर ठेवतो. बारा इंच रुंद, २०० गेजच्या नळीचा मीटरभर तुकडा साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम भरायला हवा. काटा एकतीस दाखवत असेल तर वेग थोडा वाढवायचा. सूक्ष्ममापी खिशात असली तरी पहिला विश्वास काट्यावर.

भारतात पॉलिथिनचे उत्पादन १९५९ मध्ये सुरू झाले. जास्त घनतेचे पॉलिथिन १९६८ पासून देशात बनू लागले आणि त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्याचा मोठा वाटा होता. याच काळात देश मेट्रिक मापांकडे वळत होता. वजने-मापांचा कायदा १९५६ चा, अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. शेर आणि मण गेले, किलो आला. वार जाऊन मीटर आला. फिल्मच्या धंद्यात मात्र हा बदल अर्धाच झाला. दाणा किलोवर विकत घ्यायचा, पिशवी किलोवर विकायची, पण लांबी-रुंदी इंचांत आणि जाडी गेजमध्ये.

या मिश्र मापांना जोडणारा आकडा म्हणजे ३३००. पिशवीची लांबी गुणिले रुंदी, दोन्ही इंचांत, गुणिले गेज, आणि येणाऱ्या संख्येला ३३०० ने भागायचे. उत्तर येते ते एका पिशवीचे ग्रॅममधले वजन, किंवा हजार पिशव्यांचे किलोमधले. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. पिशवीला दोन पदर असतात. एक गेज म्हणजे इंचाचा लाखावा भाग. एक घन इंच म्हणजे १६.३९ घन सेंटिमीटर आणि कमी घनतेच्या पॉलिथिनचे एक घन सेंटिमीटर सुमारे ०.९२ ग्रॅम. हे सगळे एकत्र गुणून उलटवले की ३३१६ येतात. तोंडी हिशेबासाठी त्याचे ३३०० झाले. जास्त घनतेच्या मालाला हा आकडा ३२१० च्या आसपास हवा आणि पॉलिप्रॉपिलीनला ३३५० च्या. म्हणजे एकाच सूत्राने सगळा माल मोजणाऱ्याचा हिशेब दोन-तीन टक्क्यांनी चुकतो. मेट्रिकमध्ये हेच गणित खूप सोपे आहे: मायक्रॉनला घनतेने गुणले की एक चौरस मीटर फिल्मचे ग्रॅममधले वजन मिळते, ५० मायक्रॉनला ४६ ग्रॅम. तरीही ३३०० टिकला, कारण पिशवीचा साचा, कटिंग मशीनची पट्टी आणि गिऱ्हाइकाची मागणी हे सारे इंचात होते. सोपे गणित आहे एवढ्याने माप बदलत नाही, हे या धंद्याने स्पष्ट दाखवले आहे.

पॉलिथिनच्या पहिल्या पिढीतल्या पिशव्या बऱ्यापैकी जाड होत्या. खळखळ वाजणारी, अत्यंत पातळ पण ओढायला चिवट अशी पिशवी आली ती उच्च रेणुभाराच्या पॉलिथिनमुळे. बनियनसारख्या आकाराची, दोन कानांची पिशवी स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन याने रचली आणि १९६५ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. मुंबईच्या बाजारात तिचे नाव झबला पिशवी. माल पातळ करता आला की एका किलोत जास्त पिशव्या बसतात, आणि किलोवर घेणारा दुकानदार जास्त नग देणाऱ्याकडे जातो. आठ बाय बारा इंचाची पिशवी २०० गेजमध्ये काढली तर किलोला सुमारे १७२ नग, ८० गेजमध्ये ४३०. जाडी खाली घसरत जाण्याचे कारण एवढेच होते. ती किती घसरली हे पिशवी हातात घेणाऱ्याला कळत नव्हते.

इथे कायदा आला. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी नव्या दाण्याच्या पिशवीला किमान २० मायक्रॉन आणि पुनर्वापराच्या दाण्याच्या पिशवीला २५ मायक्रॉन जाडी ठरवली. २००३ च्या दुरुस्तीने आकारही घातला: आठ बाय बारा इंचांपेक्षा लहान पिशवी नको. जाडी मायक्रॉनमध्ये आणि आकार इंचांत, अशी कारखान्यातली सरमिसळ राजपत्रातही उतरली. पातळ पिशवीविरुद्धची कारणे सरळ होती. ती उडते, नाल्यात अडकते, गाय खाते, आणि कचरावेचक तिला उचलत नाही, कारण किलोभर वजन व्हायला शेकडो पिशव्या गोळा कराव्या लागतात. जाड पिशवी महाग पडेल म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही आणि भंगारात तिला किंमत येईल, असा त्यामागचा विचार.

मुंबईने हा विषय ऐरणीवर आणला तो २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी तुंबण्याच्या कारणांत नाल्यांतल्या प्लास्टिकचे नाव ठळकपणे पुढे आले. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपले स्वतंत्र नियम केले आणि किमान जाडी ५० मायक्रॉनवर नेली, केंद्राच्या अडीच पट. केंद्राची मर्यादा २०११ मध्ये ४० आणि २०१६ मध्ये ५० मायक्रॉन झाली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. तिची कडक अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली. दुधाच्या पिशवीला वगळले, पण ती किमान ५० मायक्रॉनची असावी आणि तिच्यावर परत घेण्याची किमान पन्नास पैसे किंमत छापावी, अशी अट घातली. २०२१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली.

ही मर्यादा प्रत्येक वेळी बदलली तेव्हा कारखान्याने ती चाराने गुणली: २० चे ८० गेज, ४० चे १६०, ५० चे २००, ७५ चे ३००, १२० चे ४८०. खरे रूपांतर केले तर ८० गेज २०.३ मायक्रॉन होतात, २०० गेज ५०.८ आणि ४८० गेज १२१.९. म्हणजे चाराच्या पाढ्याने काढलेली पिशवी नियमापेक्षा दीड टक्का जाड निघते. हा दीड टक्का कायद्याच्या बाजूने पडतो हे चांगलेच झाले. उलट दिशेने, ३.९४ ने गुणून, १२० मायक्रॉनला ४७२ गेज लावणारा कारखानदार तेवढा दाणा वाचवतो, पण मशीनवरचा चढउतार सांभाळायला त्याच्याकडे जागा उरत नाही. फुग्याच्या परिघावर जाडी कधीच सारखी नसते. एका बाजूला पाच-दहा टक्के जाड, दुसऱ्या बाजूला तेवढीच पातळ, ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून अनुभवी माणूस नियमाचा आकडा नेमका धरत नाही, थोडा वर धरतो.

परदेशांतही जाडीची मर्यादा घालण्याची लाट याच काळातली. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये ३० मायक्रॉन, चीनने जून २००८ मध्ये ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नेमके १०० गेज. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशात ५० मायक्रॉनखालच्या पिशवीला हलकी आणि १५ खालच्या पिशवीला अतिहलकी म्हटले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मतदानाने मंजूर झालेल्या कायद्यात पुन्हा वापरता येणाऱ्या पिशवीसाठी २.२५ मिल हा आकडा लिहिला, तो ५७ मायक्रॉन होतो. मिल हा शब्द मिलिमीटरचा संक्षेप समजला तर चाळीसपट चूक होते: सहा मिलची फिल्म साधी दीडशे मायक्रॉनची असते, सहा मिलिमीटरची तर फळीच.

कायद्याने जाडी मोजायला लावली तेव्हा उपकरणांची मर्यादाही उघड झाली. मेट्रिक सूक्ष्ममापीचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा आणि नळीवर ५० खुणा, म्हणून तिचे लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. वीस मायक्रॉनची पिशवी दोन खुणांवर आणि पंचवीसची दोन आणि तीन खुणांच्या मध्ये कुठेतरी. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: पिशवीच्या घड्या घालून दहा पदर एकत्र धरायचे आणि आलेले माप दहाने भागायचे. पदरांमध्ये हवा राहिली तर माप जास्त येते, चिमटा जोरात आवळला तर कमी. प्रयोगशाळेत म्हणून हलक्या, ठरावीक दाबाचे डायलचे मापक वापरतात, आणि फिल्मच्या रुंदीवर अनेक ठिकाणी माप घेऊन सरासरी काढतात. आंतरराष्ट्रीय मानकांत या पद्धतीबरोबरच वजनावरून सरासरी जाडी काढण्याची पद्धतही आहे. जुनी रीत अशी मानकातही टिकून राहिली.

शेतीत या मापांचा थेट पैशाशी संबंध येतो. पॉलिहाउसवरचा कागद २०० मायक्रॉनचा, शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉनचा, आणि टोमॅटो किंवा मिरचीच्या गादीवाफ्यावरचा मल्चिंग पेपर २५ किंवा ३० मायक्रॉनचा. मल्चिंगचा रोल बहुधा चार फूट रुंद आणि चारशे मीटर लांब असतो. पंचवीस मायक्रॉनचा असा रोल शुद्ध पॉलिथिनचा असेल तर सुमारे ११ किलो भरायला हवा. ९ किलो भरला तर तो वीस मायक्रॉनचा. शेतकऱ्याला सूक्ष्ममापी लागत नाही, वजनकाटा आणि टेप पुरेसे. मात्र रोल पुठ्ठ्याच्या नळीसकट तोलू नये, आणि मालात चुनखडीची भुकटी किती आहे तेही पाहावे. चुनखडी पॉलिथिनच्या जवळजवळ तिप्पट जड. वजनाने वीस टक्के भुकटी घातली तर फिल्मची घनता ०.९२ वरून १.०६ वर जाते, आणि २१.७ मायक्रॉनचा कागद काट्यावर पंचवीस मायक्रॉनचा वाटतो. वजनाची रीत घनता ठाऊक असेल तेवढीच खरी, हा तिचा मुख्य दोष.

न विणलेल्या कापडाच्या पिशवीबाबत कायद्याला स्वतःच वजनाकडे वळावे लागले. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू विस्कटून दाबलेले हे कापड मापकाच्या चिमट्यात दबते, त्यामुळे त्याची जाडी दर वेळी वेगळी येते. म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने त्याला मायक्रॉनची अट न घालता चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली. तेच तंतू वितळवून सलग फिल्म केली तर ती साधारण ६६ मायक्रॉनची, म्हणजे २६० गेजची होईल.